नेक्तेरची बासरी : पावसाळ्यातल्या कामाच्या नोंदी

९ जून

यंदाच्या पावसाळ्याचं काम ठरलं : फ्रेंच संगीतकार शार्ल केक्लँची 'नेक्तेरची गाणी'. ओपस, म्हणजे रचनाक्रमांक, १९८, १९९ आणि २००. प्रत्येकात ३२ तुकडे, म्हणजे एकूण ९६, आणि सगळे एकट्या फ्लूटसाठी, म्हणजे धातूच्या पाश्चात्त्य बासरीसाठी. मागे पियानो नाही, ठेका नाही, सूर धरायला कुणी नाही. लिहिले १९४४ मध्ये. तेव्हा केक्लँ ७६ वर्षांचा होता. पॅरिस जर्मनांच्या ताब्यात होतं, ते त्याच वर्षी २५ ऑगस्टला सुटलं.

पहिला संच आनातोल फ्रांस या फ्रेंच लेखकाच्या 'देवदूतांचं बंड' या १९१४ मधल्या कादंबरीवरून सुचलेला आहे. नेक्तेर हा तिच्यातला म्हातारा माळी. पॅरिसबाहेर राहतो, भाजीपाला पिकवतो आणि बासरी वाजवतो. दुसऱ्या संचात जुनं अरण्य आहे. तिसऱ्यात घरगुती देवांसाठी प्रार्थना, मिरवणुका आणि नाच.

दिवाळीच्या आधी तासाभराचा कार्यक्रम करायचा. फ्लूट माझी, अभिवाचन खालच्या मजल्यावरच्या काकूंचं. काकू रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकल्या आणि पुढे शाळेत तेच शिकवत आल्या. कादंबरीतले हवे ते उतारे त्या मूळ फ्रेंचवरून मराठीत आणणार आहेत. इंग्रजी भाषांतर माझ्याकडे होतं, ते त्यांनी "असू दे, असू दे" म्हणत बाजूला सरकवलं.

या नोंदी आधी माझ्यासाठी. पुढे कुणी फ्लूटवाला या वाटेने गेला तर त्याच्याही उपयोगी पडतील.

१४ जून

कादंबरी वाचून झाली. अशा कार्यक्रमात गोष्ट दोन मिनिटांत सांगावी लागते, म्हणून आत्ताच सांगून बघते.

पॅरिसमध्ये एका बड्या घराण्याचं प्रचंड ग्रंथालय आहे. ग्रंथपाल सारिएत पुस्तकांना जिवापाड जपणारा, कुणी पुस्तक मागितलं तरी त्याच्या पोटात गोळा येतो. एक दिवस पुस्तकं आपोआप जागा सोडायला लागतात. सकाळी बघावं तर टेबलावर ढीग. चोर नाही, उंदीर नाही. हे करतोय घरातल्या तरुण मुलाचा रक्षक देवदूत, आर्काद. त्याला वाचनाची चटक लागलीय. वाचून वाचून त्याची श्रद्धा उडते. स्वर्गात बसलेला तो खरा परमेश्वर नव्हेच, इआल्दाबाओथ नावाचा एक अडाणी, आढ्यताखोर अधिकारी आहे, अशा निष्कर्षाला तो येतो आणि बंडाची जुळवाजुळव सुरू करतो. पॅरिसमध्ये माणसांच्या वेषात राहणारे असे देवदूत पुष्कळ निघतात. नेक्तेर त्यांच्यातला सर्वांत जुना. पहिल्या बंडात तो सैतानाच्या बाजूने लढलेला आहे.

काकूंना म्हटलं, पुण्यात हे वाचायचं म्हणजे लोकांना जड नाही ना जाणार? त्या म्हणाल्या, "अगं, आपल्याकडे देव-दानवांची भांडणं रोजची. इंद्राचं सिंहासन डळमळलं की आपण पानं उलटतो. लोकांना माळी आवडेल बघ."

देवदूतांत तेओफिल नावाचा एक संगीतकारही आहे. तो एका गायिकेच्या प्रेमात आहे आणि ऑपेरा लिहितोय : 'अलीन, गोवळकोंड्याची राणी'. पॅरिसच्या कादंबरीत अचानक आमचं दख्खन उगवलं म्हणून काकू इतक्या खूश झाल्या की तो उतारा घ्यायचाच, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. माझी ना नाही. तेओफिलचा झगमगाट आणि नेक्तेरची साधी बासरी शेजारी शेजारी ठेवली की आनातोल फ्रांसला काय म्हणायचंय ते वेगळं सांगावं लागणार नाही.

२३ जून

पहिल्या संचातले तुकडे एकेक करून वाजवतेय. अवघड आहेत का? बोटांना नाहीत. फ्लूटचे शिकाऊ लोक ज्या एट्यूड, म्हणजे सरावाच्या रचना, घासतात त्यांच्या मानाने यातलं बरंचसं काम सोपं दिसतं. अडचण दुसरीकडे आहे. केक्लँ ओळ अशी लिहितो की कुणीतरी स्वतःशी बोलतंय. समेवर यायची घाई नाही, टाळ्यांची जागा नाही. सोनाटा वाजवून तयार झालेला हात प्रत्येक वाक्याचा शेवट सजवायला धावतो, तो आवरावा लागतो.

माणूसही वेगळाच. जन्म १८६७. आधी एकोल पोलितेक्निकमध्ये, म्हणजे इंजिनियर-अधिकारी घडवणाऱ्या संस्थेत. तिथे क्षय झाला, अल्जीरियात हवापालटाला जावं लागलं, आणि मग संगीताकडे वळला. संगीतकार फोरेचा विद्यार्थी. पुढे पूलँक हा संगीतकार त्याच्याकडे शिकायला आला. ऑर्केस्ट्रेशनवर, म्हणजे कुठल्या वाद्याला काय द्यायचं यावर, त्याने लिहिलेला मोठा ग्रंथ आजही लोक उघडतात. आणि आयुष्यभर पुस्तकांतून संगीत काढत राहिला. किपलिंगच्या जंगलकथांवरचं त्याचं काम १८९९ मध्ये सुरू झालं ते १९४० पर्यंत चाललं. किपलिंग मुंबईचा, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात १८६५ मध्ये जन्मलेला. तेव्हा या धाग्याचं एक टोक आपल्याकडे आहेच. सिनेमाचंही केक्लँला वेड होतं. जीन हार्लो ही नटी १९३७ मध्ये वारली, तेव्हा त्याने तिच्यासाठी फ्लूट, सॅक्सोफोन आणि पियानोचा मृत्युलेख लिहिला. असा माणूस म्हातारपणी, युद्धात, एका बासरीवर येऊन थांबतो, यात मला नवल वाटत नाही. एकट्या फ्लूटला ऑर्केस्ट्रा लागत नाही, हॉल लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही.

२ जुलै

पाऊस लागला. फ्लूटच्या जी शार्प चावीखालचं पॅड, म्हणजे भोक झाकणारी गादी, चिकटतंय. चावी दाबली तर उघडते, पण उघडताना 'टिक्' असा आवाज. ऑर्केस्ट्रात कुणाला कळणारही नाही, इथे मात्र फ्लूटशिवाय खोलीत दुसरं काही वाजतच नाही. सिगारेटचा कागद पॅडखाली धरला, चावी हलकेच दाबली, सोडली, कागद जागा बदलून पुन्हा. ओढून काढायचा नाही, पॅडवरचं पातळ कातडं फाटतं. संध्याकाळपर्यंत ठीक होतं आणि सकाळी पुन्हा तेच. कार्यक्रमाआधी पॅड बदलून घ्यायची.

७ जुलै

तानपुऱ्याचा विषय आज निघालाच. निघणारच होता.

माझे बासरीचे सर आले होते. मी आधी बांबूवर शिकले, फ्लूट नंतर आली. त्यांनी शांतपणे चार तुकडे ऐकले आणि म्हणाले, "छान आहे गं, पण षड्ज कुठाय? ऐकणाऱ्याने पाय कुठे टेकवायचा?" फोनवरचा तानपुरा सुरू करून पुन्हा वाजवायला लावलं.

झालं काय, तर पहिल्या मिनिटात सगळं एकदम गोड झालं. केक्लँ चर्चच्या जुन्या मोडमध्ये, म्हणजे स्वरांच्या ठरावीक मांडणीत, लिहितो. डोरियन म्हणजे आपला काफी थाट, लिडियन म्हणजे कल्याण, फ्रिजियन म्हणजे भैरवी. खाली सा-प लागला की पुण्याचा कान लगेच नाव ठेवून मोकळा होतो. सर डोळे मिटून "अरे वा, यमन" म्हणाले. पण पुढच्या ओळीत केक्लँने सा हलवला. सांगून नाही, सवरून नाही. ओळ सरकता सरकता दुसऱ्याच स्वरावर घर करते. वर फ्लूट नव्या घरी, खाली तानपुरा जुन्या घरी. सरांच्या कपाळावर आठी. "इथे चुकतंय का काही?" चुकत काहीच नव्हतं, तो तुकडा तसाच आहे.

मग सगळेच तुकडे तानपुऱ्याबरोबर आणि तानपुऱ्याशिवाय वाजवून पाहिले. सरांचंही मत बदललं, पण अर्धंच. त्यांच्या मते एकाच मोडमध्ये राहणाऱ्या तुकड्यांना तानपुरा चालेल. माझ्या मते नाही. तानपुरा लावला की ऐकणारा राग शोधतो, राग सापडला की चलन शोधतो, आणि ते मिळालं नाही की वाजवणाऱ्याला कमी लेखतो. नेक्तेर बागेत एकटा वाजवतोय. त्याच्यामागे चार तारा लावायला कोण बसलंय?

निर्णय : सरावात तानपुरा राहील, कार्यक्रमात नाही. सरावात तो हवाच, कारण फ्लूट फार लबाड. हळू वाजवलं की सूर उतरतो, जोर दिला की चढतो, आणि मधला सी शार्प, जिथे जवळजवळ सगळी बोटं उचललेली असतात, तो जन्मजातच चढा. उजव्या हाताची एकदोन बोटं ठेवून तो खाली ओढायचा. हे सोबतीला कुणी असेल तर लपून जातं. एकटीला लपवायला जागा नाही.

१६ जुलै

एका मित्राची सूचना : रूसेल या फ्रेंच संगीतकाराचा 'कृष्ण' घे की कार्यक्रमात! लोकांना आपलं वाटेल.

मोह होण्यासारखं आहे खरं. आल्बेर रूसेल १९०९ मध्ये बायकोबरोबर भारतात आला होता. वेरूळची लेणी पाहिली, जयपूर पाहिलं, काशी पाहिली आणि परत जाऊन त्या तिन्हींवर ऑर्केस्ट्रासाठी 'एव्होकासियाँ' लिहिलं. पहिला भाग लेण्यांच्या अंधारातल्या देवांचा आहे. १९२४ च्या 'बासरीवाले' या त्याच्या रचनेत चार वादक आहेत, चौघेही गोष्टींमधले : ग्रीक वनदेव पॅन, व्हर्जिलच्या काव्यातला गुराखी तितिर, आपला कृष्ण, आणि आंरी द रेन्येच्या कादंबरीतला मस्यू द ला पेजोदी. 'कृष्ण'मध्ये श्री रागाचे स्वर आहेत, आणि ते वरवर शिंपडलेले नाहीत, तुकडा त्यांच्यावरच उभा आहे.

पण त्याला पियानो लागतो. शिवाय 'कृष्ण' आला की वर्तमानपत्रात तेवढंच छापून येईल आणि बिचारा माळी कुंडीमागे जाईल. रूसेल पुढच्या वर्षी, वेगळा.

२१ जुलै

हक्कांची चौकशी. आपल्याकडे लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतर, पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं मोजतात. आनातोल फ्रांस १९२४ मध्ये गेला. देब्युसी, ज्याचा एक तुकडा घ्यायचा विचार आहे, तो १९१८ मध्ये. केक्लँ गेला ३१ डिसेंबर १९५० रोजी, म्हणजे भारतात २०१० संपलं तेव्हा मोकळा. छापील नोटेशन मात्र विकतच घेतलंय, झेरॉक्सवरून वाजवत नाही.

२ ऑगस्ट

श्वास. आजचा सगळा दिवस श्वासावर गेला.

सोलो फ्लूटमध्ये श्वास म्हणजे विरामचिन्ह. पियानो असला तर त्याच्या एखाद्या ठोक्याआड श्वास लपवता येतो. इथे घेतला की सगळ्यांना ऐकू येतो, म्हणून तो अर्थाच्या जागीच घ्यायचा. वाक्य लांब, छाती लहान. खालच्या डी-वर ओळ उतरते आणि लगेच वर निघते अशी एक जागा आहे. तिथे डी आधी श्वास घेतला तर डी नव्या वाक्याची सुरुवात वाटते, नंतर घेतला तर जुन्याचा शेवट. स्वर तोच, पण ऐकणाऱ्याला वेगळीच गोष्ट ऐकू येते. मी नंतर घेतला. खालचा डी हवा खूप खातो, म्हणून त्याच्या आधीच्या ओळीत हवा वाचवून ठेवावी लागते. कुठे? तर मधल्या जी-ला ओठांची फट बारीक करून, आवाज न उतरवता. याला ओठ लागतात, नुसतं पोट पुरत नाही.

संध्याकाळी काकूंकडे गेले तर त्यांच्यापुढे हेच कोडं. फ्रांसची वाक्यं नागमोडी. विशेषणामागून विशेषण, मग एक अर्धविराम, मग पुन्हा चढ. मराठीत ती तोडून लहान केली तर त्याचा खट्याळपणा जातो, तशीच ठेवली तर श्वास पुरत नाही. त्यांनी माझी पेन्सिल घेतली आणि माझ्या पानावरच्या खुणा बघून स्वतःच्या पानावर तशाच उभ्या रेघा मारायला लागल्या. मोठी रेघ म्हणजे पूर्ण श्वास, छोटी म्हणजे नुसता थांबा. मग आम्ही पानं अदलाबदल केली. मी त्यांचा उतारा मोठ्याने वाचला, त्यांनी माझ्या नोटेशनवर बोट ठेवून मला वाजवायला लावलं आणि जिथे त्यांना गुदमरल्यासारखं झालं तिथे खूण केली. नोटेशन त्यांना वाचता येत नाही. खुणा बहुतेक बरोबर निघाल्या. एक नाही निघाली, पण तिथे मलाच माझं आधीचं ठिकाण पटेनासं झालं, म्हणून त्यांची ठेवली.

८ ऑगस्ट

ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू झाले. संध्याकाळी सहानंतर नदीकडून जे काही येतं त्यापुढे फ्रान्समधला माळी काय टिकणार? सराव पहाटे.

१५ ऑगस्ट

मुख्य प्रश्न : वाचन कुठे ठेवायचं?

आधी वाचून बघितलं. काकूंनी नेक्तेरच्या बासरीचा उतारा वाचला, मग मी वाजवलं. घरच्याच माणसांपुढे. ऐकणारे लगेच तपासायला लागतात : कोकिळा आली का, झाड आलं का, पाऊस कुठाय. एक भाचा म्हणाला, "मावशी, त्यात तर असं होतं की सगळी सृष्टी ऐकू येते. मला नाही आली." रास्त आहे. शब्दांनी एवढं मोठं आश्वासन दिल्यावर बिचारी धातूची नळी ते कसं पाळणार?

मग वाचनाखाली हलकं वाजवून बघितलं. रेडिओवर श्रुतिकेत असतं तसं. दोन मिनिटांत मी पार्श्वसंगीत झाले आणि काकू निवेदिका. बंद केलं.

आज तिसरी रीत. मी काही न सांगता तीन तुकडे सलग वाजवले, थांबले, आणि मग काकूंनी माळ्याची गोष्ट सुरू केली. ऐकणारे मागे गेले. "म्हणजे मघाशी जे वाजत होतं ते हा वाजवत होता?" अगदी हेच हवं होतं. शब्द नंतर आले की संगीताला काही सिद्ध करावं लागत नाही. ते होऊन गेलेलं असतं, आणि गोष्ट त्याच्यासाठी माणूस शोधून देते.

मजा अशी की कादंबरीतही क्रम हाच आहे. बासरीचा चमत्कार १४व्या प्रकरणात. नेक्तेर स्वतःची हकीगत सांगतो ती पुढे, १८ ते २१ मध्ये. जगाचा सगळा इतिहास तो पराभूतांच्या बाजूने सांगतो : ग्रीसमध्ये सैतानच डायोनायसस हा मद्याचा देव म्हणून कसा वावरला, रोम कसं बदललं, मध्ययुगं कशी गेली, फ्रेंच राज्यक्रांती कशी झाली. पण त्याआधी देवदूतांनी त्याला ऐकलेलं असतं. तो कोण, हे त्यांना आधी कानाने कळतं. मी ही प्रकरणं वाचली होती, पण हा क्रम आज वाजवल्यावर दिसला.

२४ ऑगस्ट

सुरुवातीला देब्युसीचं 'सिरिंक्स' घेणार. केक्लँशी नातं आहे : १९१३ च्या सुमारास केक्लँ देब्युसीच्या 'खाम्मा' या बॅलेचं ऑर्केस्ट्रेशन पुरं करून देत होता आणि त्याच वर्षी देब्युसीने ही छोटी बासरी लिहिली. ३५ बार, जेमतेम तीन मिनिटं.

'सिरिंक्स' फ्लूटवाल्यांना इतकं पाठ असतं की ते नाटकासाठी होतं हे विसरायला होतं. गाब्रिएल मूरेच्या 'प्सिशे' या नाटकात पॅन मरण्याआधी वाजवतो ती धून. मूळ नावही 'पॅनची बासरी'. फ्लूटवादक लुई फ्लरीने ती पहिल्यांदा आडून, प्रेक्षकांना न दिसता वाजवली. मग वर्षानुवर्षं ती एकट्या त्याच्याकडेच राहिली. १९२६ मध्ये तो गेला आणि १९२७ मध्ये जोबेर प्रकाशनाने ती 'सिरिंक्स' या नावाने छापली. म्हणजे आपण ज्याला सोलो फ्लूटचा मैफलीचा तुकडा म्हणतो, तो मुळात पडद्यामागचा आवाज आणि रंगमंचावरच्या बोलण्याचा जोडीदार होता.

त्यामागची गोष्ट रोमन कवी ओव्हिडची. पॅन सिरिंक्स नावाच्या वनकन्येच्या मागे लागतो, नदीकाठी ती वेताच्या बेटात बदलते, आणि त्याच वेतांची तो बासरी करतो. पण ओव्हिडमध्ये ही गोष्ट सांगतो देवांचा दूत मर्क्युरी, आणि सांगतो कुणाला, तर शंभर डोळ्यांच्या आर्गसला, झोप लावण्यासाठी. गोष्ट संपायच्या आत आर्गस झोपतो. उरलेली गोष्ट ओव्हिड वाचकाला चटकन, 'पुढे हे सांगायचं राहिलं होतं' अशा थाटात सांगून टाकतो आणि मर्क्युरी आर्गसचं मुंडकं उडवतो. काकू म्हणाल्या, "दुपारच्या कार्यक्रमाला हे सांगू नकोस हं. दोन-चार आर्गस समोरच बसलेले असतात."

फ्लरीसारखं आडून वाजवून बघितलं, आतल्या खोलीतून, दार अर्धं लोटून. फरक पडतो. मी दिसले की लोक बोटं बघतात, खांदे बघतात, श्वास घेताना माझं तोंड बघतात. दिसले नाही की ओळ ऐकतात. 'सिरिंक्स' आडून, पुढचं समोर येऊन.

१२ सप्टेंबर

निवड. पहिल्या संचातून मोठा वाटा, दुसऱ्यातून थोडे, तिसऱ्यातून नाचाचे दोन. आधी संचाच्या क्रमाने जायचा विचार होता, पण संथ तुकडे सलग आले की नव्या माणसाचा धीर सुटतो. केक्लँने सगळे एका दमात वाजवावेत म्हणून लिहिले असतील असं मला तरी वाटत नाही. गाथा उघडावी आणि त्या दिवशीचा अभंग वाचावा, तसं याचं आहे.

काकूंशी वाद फक्त नेपोलियनवरून. नेक्तेरच्या इतिहासात तो येतो आणि काकूंना तो उतारा सोडवत नाही. माझ्या मते तिथवर येईपर्यंत लोक चहाच्या वेळेचा हिशोब करू लागलेले असतील. उतारा सध्या कंसात.

शेवटाचं मात्र पटकन जमलं. कादंबरीच्या शेवटी सैतान स्वप्न पाहतो : आपण जिंकलो, सिंहासनावर बसलो आणि हळूहळू त्या जुन्या देवासारखेच झालो, स्तुती आवडू लागली, दया आटली. जागा होतो आणि हल्ला रद्द करतो. इआल्दाबाओथशी लढायचं ते आपल्या आत. हे तो सांगतो तेव्हा नाव नेक्तेरचं घेतो. काकूंना हे सगळ्यात शेवटी वाचायचं होतं. मी म्हटलं, मग लोक उपदेश घेऊन घरी जातील. स्वप्न वाचायचं, जाग यायच्या आधी थांबायचं, आणि तिसऱ्या संचातला नाच वाजवायचा. मान हलवून म्हणाल्या, "फ्रांस रागावेल," पण पानावर खूण केली.

३ ऑक्टोबर

पॅडं बदलून फ्लूट परत आली. जी शार्प गप्प.

ज्या खोलीत कार्यक्रम तिथे जाऊन वाजवून बघितलं. फरशी, काचेच्या खिडक्या, वर पंखे. पंखे बंद करावे लागतील. हवा थेट ओठांवर येते आणि फ्लूटची फुंकर कापते. एसी चालेल, पण अर्धा तास आधी लावून ठेवायचा, नाहीतर वाजवता वाजवता धातू गार पडून सूर उतरतो. आडून वाजवायला मागे छोटी स्वयंपाकखोली आहे. तिथला फ्रीज घुरघुरतो, त्या वेळेपुरता बंद करावा लागेल. यादीत लिहिलं, नाहीतर यजमानांचं आइस्क्रीम माझ्या नावावर वितळायचं.

११ ऑक्टोबर

कार्यक्रम झाला. खोली भरली होती, काही जण खिडकीत बसले.

'सिरिंक्स' सुरू झालं तेव्हा लोक अजून बोलत होते, कारण समोर कुणी नव्हतं. मग एकेक आवाज कमी होत गेला. आत मला ते ऐकू येत होतं आणि त्यामुळे दुसऱ्या ओळीला मी जरा जास्तच सावकाश गेले. रेकॉर्डिंगमध्ये ते वाईट वाटत नाही.

केक्लँचे पहिले तुकडे झाल्यावर काकूंनी ग्रंथपालाची गोष्ट घेतली. सारिएतवर हशा पिकला. पुण्यात ग्रंथपालाचा विनोद कुणालाही समजावून द्यावा लागत नाही. गोवळकोंड्याच्या राणीलाही हसले. माळी आला तेव्हा कुणी हसलं नाही. पुढच्या तुकड्यांना शांतता वेगळी होती. 'आता हा वाजवतोय' अशी. क्रमाचा डाव बसला.

नेपोलियन काकूंनी वाचलाच. कंस त्यांनी घरी खोडून आणला होता. एक गृहस्थ खरंच घड्याळ बघत होते.

शेवटी प्रश्नोत्तरं. "तानपुरा का नाही?" हे अपेक्षित होतं. सर तिथेच होते, त्यांनी माझ्याऐवजी उत्तर दिलं : "तिचा सा फिरतीवर असतो." एका आजींनी विचारलं की हा माळी कृष्णासारखा का नाही, त्याच्याभोवती कुणीच कसं नाही? काकू म्हणाल्या, "तो हरलेल्या बाजूचा आहे ना, आजी." आजींना ते पटलं नाही. म्हणाल्या, "हरलेल्यांकडे तर जास्त लोक येतात ऐकायला." मला यावर काही सुचलं नाही. अजूनही त्या वाक्याकडे परत जातेय.

१४ ऑक्टोबर

रेकॉर्डिंग ऐकलं. पुढच्या खेपेसाठी :

दुसऱ्या संचातले तुकडे कमी पडले. पहिल्या संचाला गोष्टीचा आधार मिळाला, त्यांना नाही. त्यांच्यासाठी वाचन नको, फक्त नाव सांगावं आणि वाजवावं. किंवा वेगळाच कार्यक्रम करावा, उघड्यावर, झाडांमध्ये, वाचनाशिवाय. तळजाईच्या टेकडीचं बघायचं, पण तिथे सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या फोनवरची गाणी असतात.

वाचन आणि फ्लूट यांच्यामध्ये थांबा जास्त हवा. घाईने मी काकूंच्या शेवटच्या शब्दावरच सुरू केलं दोन ठिकाणी.

खालचा डी बसला. श्वास काकूंच्या खुणेवरच घेतला होता.

सरांनी बांबूवर दोन तुकडे वाजवून बघायचं मनावर घेतलंय. सगळे नाही जमणार. अर्धे स्वर भोकं अर्धी झाकून काढावे लागतात आणि काही ठिकाणी ओळ फार वेगाने सरकते. पण एकाच मोडमध्ये राहणारे काही आहेत. आज फोनवर म्हणाले, "आणि माझ्या वेळेला तानपुरा लावणार मी, तू बोलायचं नाहीस." नोव्हेंबरमध्ये ऐकायला जायचंय.